केवडावनचा थांबा

रविवारचं जेवण झालं की दगा रेकॉर्ड लावायचा. आधी साबणानं हात धुवायचा, टॉवेलला पुसायचा, तेवढ्यावर मन मानलं नाही तर लेंग्यालाही पुसायचा. मग तव्यावरची भाकर उचलावी तशी ती काळी तबकडी बोटांच्या टोकांवर उचलून पेटीवर ठेवायचा. सुई टेकली की खुर्ची सोडून भुईवर बसायचा आणि उजवा तळहात पेटीच्या लाकडावर ठेवायचा. डोळे मिटलेले. बघणाऱ्याला वाटावं, म्हातारा देवाच्या पायाला हात लावून बसलाय.

बघणारी एकच होती, त्याची बायको भागीरथी. पोरगा आणि सून वापीला. गोडादऱ्याच्या त्या दोन खोल्यांत आता ही दोघंच. आणि भागीरथीला ठाऊक होतं, की दगाला ऐकू येत नाही.

अगदीच येत नाही असं नव्हे. ढोल यायचा. टेम्पोचं इंजिन यायचं, वरच्या मजल्यावर कुणी पलंग सरकवला तर तोही यायचा. गेले होते ते वरचे बारीक आवाज. कुकरची शिट्टी गेली, चिमण्या गेल्या, दाराची बेल गेली. मग बासरी गेली आणि तिच्यामागोमाग क्लॅरोनेट. कानतपासणीच्या शिबिरातल्या डॉक्टरीणबाईनं कागदावर रेघ काढून दाखवली होती. सुरुवातीला सपाट चाललेली रेघ पुढे टेकडावरून दगड सुटावा तशी खाली गेलेली. "काका, चाळीस वर्षं लूमवर होता ना? सगळ्यांचं असंच असतं," म्हणाल्या. दगानं कागदाची चार घड्या घालून खिशात ठेवला आणि घरी येऊन तांदळाच्या डब्याखाली सारला.

ही गोष्ट दोन वर्षं घराबाहेर कुणाला कळली नाही, त्याचं कारण लूमच. इथं सुरतेत लूमच्या कारखान्याला खातं म्हणतात. एका खात्यात चाळीस-पन्नास साचे, म्हणजे माग, आणि प्रत्येकावर धोटा इकडून तिकडे आपटतोय. तिथं ओरडून बोलणारा आठवड्यात घसा बसवून गावी जातो. जो टिकतो तो ओठ वाचायला शिकतो. सूत तुटलं, बीम संपला, चहा आला, शेठ आला, सगळं ओठांवर आणि बोटांवर. दगानं एकेचाळीस वर्षं असं ऐकलं होतं. भागीरथी त्याच खात्यात कांड्या भरायची. दोघांचं लग्न जमलं तेसुद्धा पंचवीस फुटांवरून, आवाज न करता. त्यामुळे दगाचे कान गेले तरी घरात फार फरक पडला नाही. ती चुलीपाशी नुसते ओठ हलवायची, "आमटी वाढू का?" आणि हा मान हलवायचा. बाहेर लोकांना वाटायचं, दगाबापू किती लक्ष देऊन ऐकतो, बोलणाऱ्याच्या तोंडावरची नजर हलत नाही.

"बँडवाल्यासले सांगी टाक ना," भागीरथी म्हणायची. सांगून टाक एकदा.

"काय सांगू? कान गयात आन खुर्ची तेवढी ऱ्हाऊ द्या, आसं?"

खुर्ची म्हणजे बमरोलीची खुर्ची. निंबाच्या बँडची तालीम बमरोलीला, एका बंद पडलेल्या डाइंग मिलच्या मागच्या मोकळ्या प्लॉटवर, दर गुरुवारी दुपारी चालायची. दगानं त्या बँडमध्ये तेहतीस सीझन क्लॅरोनेट वाजवलं. दात पडले, तोंडात क्लॅरोनेटची पत्ती धरवेना, तेव्हा वाजवणं सोडलं. पण निंबानं त्याला जाऊ दिलं नाही. समोर प्लॅस्टिकची लाल खुर्ची मांडली आणि सांगितलं, "बापू, तुम्ही आमना कान." पोरं वाजवायची, दगा ऐकायचा. कुठं सूर उतरला, कुठं घाई झाली, ते सांगायचा. आठवड्याचे सहा दिवस तो त्या खुर्चीच्या वाटेवर असायचा म्हणा ना. ती गेली तर उरतं काय? ओटा, पेपर आणि गुडघ्यांचं तेल.

मग ऐकू न येता दोन वर्षं तो ती खुर्ची कशी सांभाळत होता? तर बोटं बघून. ज्यानं तेहतीस सीझन क्लॅरोनेट वाजवलंय त्याला दुसऱ्याची बोटं म्हणजे उघडं पुस्तक. कुठलं भोक झाकलं, कुठलं उशिरा सुटलं, गाल किती फुगला, यावरून तो चूक पकडायचा आणि ती बरोबर निघायची. खाली ढोल छातीत वाजत असायचाच. वरचं सगळं तो मनानं भरायचा.

मनात भरायला माल होता. 'केवडावन'चा.

दगा अमळनेरकडच्या एका खेड्यातून एकोणिसाव्या वर्षी सुरतेला आला. आधीची दोन पोरं पाळण्यातच गेली म्हणून आईनं याचं नाव असं खरबरीत ठेवलेलं, की यमाचं लक्ष जायला नको. तीन वर्षं त्यानं खातं आणि खोली यापलीकडे सुरत पाहिली नाही. मग एका वीजकपातीच्या दिवशी त्याला बाजीराव भेटला. बाजीराव मलकापूरकडचा, रेल्वेत गँगमन, उधन्याच्या क्वार्टरमध्ये राहायचा. दर चौदा एप्रिलला मिरवणुकीत हलगी वाजवायचा आणि उरलेल्या वर्षात पिक्चर बघायचा. तो म्हणाला, "चाल बे, पडून काय राहतं? तुले एक गोष्ट ऐकवतो."

पिक्चर बघायला नेणारा माणूस ऐकवतो म्हणाला, हे दगाच्या तेव्हाच लक्षात राहिलं.

'केवडावन' फार चाललेला पिक्चर नव्हे. नावाड्याची पोर, परगावी गेलेला नवरा, आणि नदीकाठचं केवड्याचं बन. गाणी चार, बरी. पण मध्यंतरानंतर एक जागा होती. ती पोर पहाटे घरातून निघते आणि बनातून चालत नदीवर जाते. चार मिनिटं पडद्यावर कुणी बोलत नाही. नुसतं संगीत. आधी क्लॅरोनेटचे तीन खालचे सूर, कुणी झोपेतून उठून बसावं तसे. मग त्याखाली जाड तारांची वाद्यं सरकत येतात, जणू तळाशी पाणी हललं. मग जलतरंग, मोजून सहा थेंब. आणि मग पार लांबून, बनाच्या पलीकडून, बासरी.

बारा-बारा तास खटखट ऐकून आलेला दगा खुर्चीच्या काठावर आला. आवाज इतका हळू असू शकतो, हे त्याला ठाऊक नव्हतं. गावी मामाच्या बँडमध्ये क्लॅरोनेट शिकला होता, पण त्याच्या लेखी क्लॅरोनेट म्हणजे चार गल्ल्या पलीकडे ऐकू जायचं वाद्य. ते असं कानाशी येऊन बसतं, हे पहिल्यांदा कळलं. बाहेर आल्यावर बाजीरावनं विचारलं, "कसं वाटलं?" तर हा म्हणाला, "परत जाऊत."

परत गेले. सात वेळा गेले. पिक्चर उतरणार असं कळलं तेव्हा बाजीरावनं एका गार्डाचा टेपरेकॉर्डर मागून आणला, डब्याच्या पिशवीत ठेवला, पिशवीला कात्रीनं भोक पाडलं आणि दुपारच्या खेळात ती चार मिनिटं उतरवून घेतली. त्या कॅसेटवर पंख्यांची घरघर आहे, कुणाचं तरी खोकणं आहे, पुढच्या रांगेतलं एक पोर "मा, ए क्यां जाय छे?" असं विचारतंय, ती कुठं चालली म्हणून. आणि बासरीच्या आधी, चार मात्रांएवढा, एक थांबा आहे. सगळं एकदम बंद. पंखेसुद्धा. मग बासरी येते.

तो थांबा ऐकून दगाच्या अंगावर काटा यायचा. वाटायचं, काय संगीतकार आहे. पोर बनाच्या तोंडाशी क्षणभर थबकली म्हणून यानं अख्खं संगीत थांबवलं. दगानं ती कॅसेट ऐकून ऐकून क्लॅरोनेटवर बसवली आणि लग्नात, वरात मांडवाशी पोचायच्या आधी, वाजवायला सुरुवात केली. थांब्यासकट. पहिल्यांदा वाजवलं तेव्हा नाचणारे गडबडले. कुणाचा हात वर, कुणाचा पाय वर, सगळे जागच्या जागी. मग क्लॅरोनेट आलं आणि पुन्हा पाय पडले. लोकांना ते असं आवडलं की पुढच्या लग्नात मागणी आली. चार-पाच वर्षांत लिंबायत, गोडादरा, पांडेसरा, जिथं जिथं खानदेशी वरात निघे तिथं तिथं 'दगाचा थांबा' हवाच झाला. नवरदेव घोड्यावर, बाया कलश घेऊन, पोरं श्वास धरून, सगळी वरात चार मात्रा पुतळ्यासारखी उभी. जो हलेल त्याचं लग्न वर्षभर लांबणार, असं म्हाताऱ्या सांगायच्या. ज्यांची लग्नं झालेली ते मुद्दाम हलायचे.

आठेक वर्षांनी चौक बाजारातल्या जुन्या सामानात दगाला 'केवडावन'ची रेकॉर्ड सापडली. ती घरी आणून लावली आणि त्याचं डोकं फिरलं. थांबा नव्हताच. जलतरंगाचा सहावा थेंब पडतो आणि त्याच्या पोटातूनच बासरी निघते, सुताला गाठ न मारता सूत जोडावं तशी.

तो तडक उधन्याला गेला. बाजीराव ओट्यावर दाढी करत होता. त्यानं सगळं ऐकून घेतलं, गालाचा फेस पुसला आणि म्हणाला, "तो मी हाय बे."

"काय तू?"

"तो टार्चवाला आला ना. डोअरकीपर. आपल्या रांगेत टार्च मारत येऊन राहिला होता. टेपचा लाल दिवा पेटलेला. मी भोकावर हात ठेवला. तो गेला, मी हात काढला."

दगा त्याच्याकडे बघत राहिला. आठ वर्षं आपण ज्या जागेला संगीतकाराचा जीव समजत होतो, तो बाजीरावचा तळहात होता.

"मग आजवर सांगितलं काऊन नाही?" दगा त्याच्याच बोलीत ओरडला.

"तू इतका रंगून सांगत होता, की संगीतकारानं पोरीच्या पावलासाठी संगीत थांबवलं. मले वाटलं, असंल बा. माह्या हातात एवढी अक्कल कुठून आली, तेच पाहत होतो."

दोघंही पुष्कळ हसले. मग बाजीराव म्हणाला की आता सांगून उपयोग नाही, लोकांच्या पायात बसलंय ते. दगालाही पटलं. तेव्हापासून ही गोष्ट दोघांची. बाजीराव तीन वर्षांपूर्वी गेला, मग एकट्या दगाची.

मात्र त्या दिवसापासून दगाला एक नाद लागला. एकच संगीत, पण प्रत्येक वेळी निराळं कसं, हे तो कान देऊन ऐकू लागला. कापडाच्या माणसाला कापडाच्याच उपमा सुचणार. कॅसेट म्हणजे त्याच्या लेखी कोरं कापड, साच्यावरून उतरलेलं, खळीचा वास येणारं, धाग्यात कचरा असलेलं, पण अंगानं जिवंत. रेकॉर्ड म्हणजे लग्नासाठी काढलेली पैठणी. त्यात व्हायोलिनं जास्त, चाल थोडी संथ, आणि शेवट नीट काठ शिवून बंद केलेला. पिक्चरमध्ये शेवट नव्हताच, ते संगीत वल्ह्याच्या आवाजात विरघळून जायचं. पुढे पोरानं वापीहून नवी सीडी आणली. कुठल्या तरी मोठ्या वाद्यवृंदानं तेच संगीत नव्यानं वाजवलेलं. पांडेसऱ्याच्या मिलमधून प्रोसेस होऊन आलेला माल. झुळझुळीत, एक डाग नाही. दगानं ती तीनदा ऐकली आणि बाजीरावला म्हणाला, "समदं साफ शे. पन बासरी पार कानजोडे ई बठनी. बासरी जोडे उनी आन बन निंघी गयं." बासरी जवळ आली आणि बन निघून गेलं. बाजीराव म्हणाला, हे कागदावर लिहून ठेव. दगानं लिहिलं नाही.

यंदा फेब्रुवारीत बाजीरावची मुलगी विशाखा बमरोलीला आली. ती पांडेसऱ्याला म्युनिसिपल शाळेत शिकवते. तिच्या मुलीचं, चैतालीचं लग्न ठरलं होतं. चैतालीला डीजे हवा होता, पण विशाखानं हट्ट धरला की हॉलपर्यंत बँड, आणि दारात आजोबांचं 'केवडावन'.

निंबानं होकार दिला आणि तिथंच वाद निघाला. वाद काढला गजेंद्रनं. हा बँडचा आताचा क्लॅरोनेटवाला, पंचविशीचा, एरवी डायमंडच्या कारखान्यात. हुशार पोर. त्यानं मोबाइलवर तीन-तीन रेकॉर्डिंग ऐकलेली.

"निंबातात्या, तो थांबा खोटा शे," तो म्हणाला. "एकामाबी नही. आपन चाळीस वरीसपासीन चुकीनं वाजाडी ऱ्हायनूत. मागच्या लग्नात एक पोरगा मोबाइलवर ओरिजिनल लावीसन माले दखाडत व्हता, कहता है अंकल, तुम्हारा बँड अटक गया क्या."

"अरे, थांबा नही मंग ते केवडावन कसं?" ढोलवाला भगवान म्हणाला. "माले तेवढाच आराम भेटस."

निंबा कुणाच्याच बाजूनं बोलला नाही. तो दगाच्या समोर येऊन उकिडवा बसला. "बापू, बाजीरावदादानी नातना लगीन शे. चूक नको. दोन्ही तऱ्हा वाजाडतस. तुम्ही ऐका आन सांगा. तुम्ही म्हनशात ते."

विशाखा बाजूच्या बाकावर बसली होती. तिनंही मान हलवली. "काका, तुम्ही सांगाल ते बाबांनी सांगितल्यासारखं."

दगा म्हणाला, "वाजाडा."

गजेंद्रनं आधी बिनथांब्याचं वाजवलं. दगानं बोटं पाहिली. स्वच्छ. कॅसेटपेक्षा रेकॉर्डच्या वळणाचं, सहाव्या थेंबातून सरळ वर. त्याला मनातल्या मनात बासरी ऐकू आली आणि पोराचं कौतुक वाटलं. मग थांब्याची तऱ्हा. भगवाननं ढोल धरला, ठेका सुरू झाला. गजेंद्रनं क्लॅरोनेट ओठांत धरलं, बोटं चालू लागली, तीन खालचे सूर, मग चढ, मग थांबा. बरोबर चार मात्रा. मग पुढचं. ढोल दगाच्या फासळ्यांत घुमत होता. सगळं जसंच्या तसं, तेहतीस सीझनांसारखं. बाजीरावची पोर समोर बसलेली. दगाचे डोळे भरून आले.

बोटं थांबली तसा तो म्हणाला, "हाई बरं. आज सूर गोड लागना रे, गजेंद्र. काय गोड लागना."

दगानं सवयीनं एकेका तोंडाकडे पाहिलं. ओठ बंद. भगवानचा ढोल कधीच थांबला होता. निंबा जमिनीकडे बघत होता. विशाखानं ओढणीचं टोक मुठीत धरलं होतं. गजेंद्रनं क्लॅरोनेट मांडीवर घेतलं आणि दगाकडे तोंड करून सावकाश ओठ हलवले.

"बापू, मी फुंक मारीच नही. पत्ती फाटी गयी व्हती. नुसता बोटं फिराडी ऱ्हायंतू, भगवानभाऊना ठेका बसाले."

फुंक मारलीच नव्हती. पत्ती फाटलेली, आणि पोर भगवानचा ठेका बसावा म्हणून नुसतीच बोटं फिरवत होतं.

दगाला वाटलं, आता खुर्चीतून उठावं. मग त्यानं खुर्चीच्या हातांवर जोर दिला आणि उभा राहिला. बोलायचं तर उभ्यानं बोलावं.

"माले ऐकू येस नही," तो म्हणाला. "दोन वरीस व्हई गयात. ढोल येस, बाकी काही नही. बोटं दखीसन सांगस मी." मग विशाखाकडे वळून, तिला समजावं म्हणून नीट मराठीत, "आणि पोरी, गजेंद्र खरं बोलतो. थांबा पिक्चरमध्ये नाही. तो तुझ्या बापाचा हात आहे." टॉर्च, लाल दिवा, पिशवीचं भोक, सगळं सांगितलं. सांगून झालं तसा काठी घेऊन चालायला लागला. पाठीमागे कुणी हाका मारल्या असतील, तर त्या त्याला ऐकू यायच्या नव्हत्या. त्याला तेवढं बरं वाटलं.

पुढच्या गुरुवारी तो गेला नाही. रविवारी रेकॉर्ड लावली नाही. भागीरथी दोनदा समोर येऊन उभी राहिली, ओठ हलवायच्या आत यानं मान फिरवली. मान फिरवली की बोलणं संपलं, एवढी सोय बहिऱ्या माणसाला असते. तिनं मग त्याच्या मांडीवर भाजीचं ताट ठेवलं आणि मेथी निवडायला लावली.

त्याच संध्याकाळी दारात विशाखा आणि गजेंद्र उभे. भागीरथीनं दोघांना बसवलं आणि ओठांनी बजावलं, "दखीसन बोला, तेसनाकडे दखीसन." त्यांच्याकडे बघून बोला.

विशाखा त्याच्या अगदी समोर बसली. "काका, आईला सांगितलं मी. ती काय म्हणाली माहीत आहे? म्हणाली, त्या माणसानं जन्मात एक तरी गोष्ट चुपचाप केली म्हणायची."

दगा हसला. हसायचं ठरवलं नव्हतं, पण बाजीरावच्या बायकोचं, चंपावहिनीचं तोंडच डोळ्यांपुढं आलं.

"थांबा राहणार," विशाखा म्हणाली. "खोटा असू दे. माझ्या मुलीच्या लग्नात बाबांचा तेवढाच हात आहे, मी तो काढू देणार नाही."

"मंग झालं," दगा म्हणाला. "वाजाडा. माले कसाले सांगतस?"

आता गजेंद्र पुढे सरकला. त्याच्या हातात बाजीरावची कॅसेट होती. विशाखाच्या कपाटातून निघालेली. "बापू, मी हाई दहा डाव ऐकी. एक गोष्ट समजस नही. मोबाइलवरना रेकॉर्डिंगमा बासरी मस्त साफ शे, पन माले काहीच व्हत नही. आठे," त्यानं कॅसेट वर केली, "खरखर शे, पोरगं बोलस, तरी बासरी उनी का गळामा काहीतरी व्हस. आपला बँडना सागर बासरी वाजाडस ती मोबाइलसारखी वाजस. हाई कशी काढानी?"

दगानं त्याच्याकडे पाहिलं. इतक्या वर्षांत हे त्याला बाजीरावशिवाय कुणी विचारलं नव्हतं. बोटं सगळे विचारत, सूर विचारत. ही बासरी लांब का वाटते, हे कुणाला पडलं नव्हतं.

तो बोलायला लागला. भागीरथीनं चहा केला, तो निवला, दुसरा केला. त्यानं सांगितलं की पडद्यामागच्या भोंग्यातून आवाज निघायचा आणि अख्खं थिएटर ओलांडून पिशवीत यायचा, म्हणून ती हवा कॅसेटमध्ये आहे. रेकॉर्डमध्ये ती हवा नाही, पण तिथं बासरीवाल्याला हळू वाजवायला लावलंय. हळू वाजवणं वेगळं, लांब असणं वेगळं. लांबचा माणूस जोरानंच वाजवत असतो, आपल्याकडे हळू पोचतं. "सागरले हळू वाजाड नको सांगू. तेले दूर उभा कर. आन पुरा दम लावू दे."

"किती दूर?"

"ते आठे बशीसन कसं सांगू?"

गजेंद्र विशाखाकडे बघून हसला. "मंग गुरुवारी या. उभा करी दखाडा."

"माले ऐकू येस नही रे बाबा."

"ऐकाले मी शे ना. मी हात वर करसू. तुम्ही फक्त सांगा, तठे काय ऐकू येवाले पायजे."

गुरुवारी दगा बमरोलीला गेला. लाल खुर्ची तिथंच होती, तिच्यावर भगवाननं ढोलाची खोळ टाकलेली. त्यानं खोळ काढायला हात लावला, तर दगानं ऱ्हाऊ दे म्हटलं. तो सागरला घेऊन प्लॉटच्या मागच्या भिंतीकडे चालत गेला. वीस पावलांवर सागरनं वाजवून पाहिलं, गजेंद्रनं हात वर केला नाही. चाळीस, तरी नाही. मिलच्या पडक्या फाटकापाशी सागर वैतागून म्हणाला, "दादा, हवे तो हूँ बमरोलीनी बहार छूँ." आता आपण गावाबाहेरच आलो. तेवढ्यात लांबवर गजेंद्रचा हात वर गेला, आणि वरच राहिला.

लग्न मार्चमध्ये, रविवारी सकाळी अकराला. पांडेसऱ्याच्या हॉलबाहेर ऊन तापलेलं, प्रोसेसिंगच्या मिलमधून वाफेचा वास. वरात येत होती. सगळ्यात मागं, पाऊणशे पावलांवर, मागच्या गल्लीतून एकटा सागर बासरी घेऊन चालत होता. लोक त्याला विचारत होते, तू चुकला आहेस का. बँड पुढे हॉलच्या दारात पोचला, तशी चैताली पांढऱ्या साडीत बाहेर येऊन उभी राहिली. तिच्या मागं चंपाबाई, हातात काठी.

थांबा किती ठेवायचा यावर तालमीत एकमत झालं नव्हतं. कॅसेटवर चार मात्रा, पण वरातीत प्रत्येक वेळी कमी-जास्त होई. शेवटी निंबानं दगाला बँडसमोर उभं केलं होतं. तुम्ही हात करा, आम्ही थांबू. तुम्ही हात काढा, सागर वाजवेल.

दगा बँडकडे तोंड करून उभा राहिला. गजेंद्रची बोटं पाहिली, तीन खालचे सूर. ढोल छातीत आला. चढ आला. जलतरंगाच्या जागी निंबाच्या कॅसिओवर सहा थेंब, निंबाचं बोट सहा वेळा पडताना त्यानं मोजलं. आणि तळहात उचलून धरला.

ढोल गेला. नाचणारे थांबले, एका बाईचं बांगड्यांचं वर गेलेलं मनगट तसंच राहिलं. घोडीवरच्या नवरदेवानं, धम्मपालनं, श्वास धरला. मागं अडकलेल्या टेम्पोवाल्यानंही हॉर्नवरचा हात काढून बाहेर पाहिलं. दगा सगळ्यांची तोंडं बघत होता. कुणाचा ओठ हलत नव्हता. रस्त्यावर दीडशे माणसं होती आणि त्या घडीला कुणालाच त्याच्याहून जास्त ऐकू येत नव्हतं.

चार मात्रा होऊन गेल्या. त्यानं हात काढला नाही. गजेंद्र त्याच्या डोळ्यांत बघत थांबून होता, घाई न करता. चंपाबाईनं काठी दुसऱ्या हातात घेतली.

मग दगानं हात खाली घेतला, आणि सगळ्यांच्या माना एकदम मागच्या गल्लीकडे वळलेल्या त्यानं पाहिल्या.